मराठी तालमीचा मुआइना

नेकनूरच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मराठी शिकवणाऱ्या विठ्ठलराव मास्तरांना जगात दोनच गोष्टी पसंत होत्या. एक स्वतःचं अक्षर आणि दुसरा स्वतःचा आवाज. बाकी सगळ्याला ते नाक मुरडत. गावचं पाणी मचूळ, गावची माणसं दगड, पोरं म्हणजे त्या दगडांच्या कपच्या. मदरशाचे मुख्य मौलवीसाहेब वयानं थकलेले होते आणि एका कानानं ठार बहिरे होते. ते तर मास्तरांच्या मते जागा अडवायला ठेवलेलं गाठोडं. बीडहून इथं येताना वर्ष-दोन वर्षांत परत फिरायचं, असं ठरवूनच मास्तर आले होते. आठ वर्षं झाली तरी त्यांनी बीडहून आणलेली एक पेटी उघडली नव्हती. त्यांची बायको मुक्ताबाई तिच्यावर बसून धान्य निवडायची.

अक्षर मात्र खरंच असं, की फळ्यावरचं पुसायला पोरांच्या जिवावर येई. आणि आवाज! कविता म्हणायला लागले की बाहेर बैलाला पाणी पाजणारा गडी कासरा हातात धरून तसाच उभा राही. असा आवाज देव शंभरातल्या एकाला देतो, आणि हा गृहस्थ तो पहिल्या ओळीतल्या चार पोरांवर खर्च करी. एकदा सांगून ज्याला कळलं नाही, त्याला दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे स्वतःचा अपमान, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे पुढची चार पोरं शिकत आणि मागची सगळी पेंगत. म्हाळू नावाचा एक पोरगा तीन वर्षं मागच्या ओळीत पेंगला, आणि त्याला वाचता येत नाही हे मास्तरांना ठाऊकही नव्हतं.

मदरशाच्या दोन शाखा होत्या. एक उर्दूची, ती मौलवीसाहेबांकडे. दुसरी मराठीची, ती विठ्ठलरावांकडे. हैदराबादच्या सरकारचा कारभार उर्दूत चाले, त्यात शाखेला शोबा म्हणत. दरवर्षी जिल्ह्याचे मोहतमीमसाहेब, म्हणजे शिक्षणखात्याचे मोठे अंमलदार, दोन्ही शोबे तपासायला येत. त्या तपासणीला म्हणत मुआइना. काय सांगावी त्या मुआइन्याची थोरवी! एका वर्षी साहेबांनी शेरा मारला की भिंती मळक्या आहेत. गावानं भिंतींना चुना दिला. फळा म्हणजे भिंतीवर काळा रंगवलेला एक चौकोनच होता. चुना देणाऱ्यानं तोही पांढरा करून टाकला. पुढच्या वर्षी शेरा आला, फळा नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, नकाशा नाही. नकाशा आला, तो उलटा टांगला गेला, आणि नंतरच्या साहेबानं तो उलटाच पाहून ‘नकाशा दुरुस्त’ असं लिहून दिलं. सुधारणा झाली! पोराला वाचता येतं की नाही, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. साहेबाचं जेवण उरके तोवर ऊन चढे, मग चिंचेखाली खाट पडे, मग शेरा, मग परतीच्या दमणीला बैल. नाटक मंडळीत इतकी वाईट कामं करणाऱ्या नटाला लोकांनी पहिल्याच प्रवेशात हुसकावलं असतं. इथं मात्र बढत्या मिळत.

पण एका साली घोटाळा झाला. त्या वेळच्या साहेबाचं पोट बिघडलं होतं. जेवण नाही, म्हणून झोप नाही. वेळ कसा घालवावा, म्हणून तो मराठीच्या वर्गात शिरला आणि त्यानं बोट केलं ते नेमकं म्हाळूकडं. म्हाळूनं पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि साहेबाला परत दिलं.

“पढ ना,” साहेब म्हणाला, म्हणजे वाच.

“पडलो तर लागंल की,” म्हाळू म्हणाला.

साहेब तसाच निघून गेला. दिवाळीनंतर सांडणीस्वारानं हुकूम आणला. एक प्रत मौलवीसाहेबांना, ती त्यांनी न वाचताच उशाखाली ठेवली, आणि एक गावच्या आप्पाराव पाटलांना.

पाटलांना उर्दू बोलता येई, वाचता येत नसे. बाजारपेठेतले शिवशरणअप्पा कापड आणायला हैदराबादेपर्यंत जात, त्यांना ती लिपी येई. चावडीत माणसं जमली. मास्तरही खांबाला टेकून उभे होते. अप्पांनी चष्मा चढवला.

“मराठी तालीम निहायत कमजोर पायी गयी. अच्छा उस्ताद रखकर आइंदा मुआइने तक मजबूत की जाए. वरना बंद कर दी जाए.”



आता इथं थोडं थांबायला हवं. दरबारी भाषेत तालीम म्हणजे शिक्षण आणि उस्ताद म्हणजे मास्तर. नेकनूरच्या भाषेत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा आणि वस्ताद म्हणजे तिथं डाव शिकवणारा. गावात अशा दोन तालमी होत्या. एक पेठेतली, आणि दुसरी वरच्या आळीतल्या मराठ्यांची. हिला सगळे मराठी तालीम म्हणत. तिची मागची भिंत पावसाळ्यात पडली होती आणि तिचा म्हातारा वस्ताद आदल्याच वर्षी वारला होता.

“आमची तालीम कमजोर?” आप्पाराव पाटील उठून उभे राहिले. “कोण म्हंतंय बे?”

“सरकार म्हंतंय,” शिवशरणअप्पा म्हणाले.

“पेठवाल्यायची न्हाई? आमचीच?”

“पेठेचं नाव न्हाई यात. मराठी तालीम, असं साफ लिवलंय.”

“भिंत पडलेली त्यायला तितं हैदराबादला बसून दिसली?” मागून कुणीतरी म्हणालं.

“म्हून तर ते सरकार अन् तू गाढव,” पाटील म्हणाले आणि मास्तरांकडं वळले. “मास्तर, तुमी शिकलेले. ह्योच अर्थ ना?”

विठ्ठलरावांना अर्थ पहिल्या शब्दालाच कळला होता. तोंड उघडायचंच काय ते बाकी होतं. पण उघडून सांगायचं काय? सरकारला कुस्तीवाला नको आहे, चांगला मास्तर हवा आहे, म्हणजे आहे तो चांगला नाही, म्हणजे मी? या दगडांसमोर? त्यांनी उपरणं खांद्यावर सारखं केलं.

“सरकारी हुकूम आहे पाटील. जसा वाचला तसाच त्याचा अर्थ.”

असं बोलून ते चावडीच्या पायऱ्या उतरले. त्या उतरण्यात इतका डौल होता, की सिंहासन सोडून निघालेला राजा वाटावा. माणूस खोटं बोलला नव्हता, एवढंच काय ते त्याचं पुण्य.

घरी मुक्ताबाईनं सगळं ऐकून घेतलं.

“मग खरं काय ते सांगून या की. कावून गप बसलाव?”

“चावडीत उभं राहून सांगू, की चांगला मास्तर आणा म्हणून लिहिलंय?”

“लिवलंय तर लिवलंय. म्हाळूला वाचता येत न्हाई, हे सरकारनं कळवावं लागलं व्हय? माझ्या म्होरं बसून शेंगा खातंय ते पोरगं. त्याला शेंगाच्या पुडीवरचं अक्षर येत न्हाई, मला कवाच ठावं हाय.”

“तुला नाही कळायचं.”

“कळंना म्हून तर इचारायले. शाळा बंद झाल्यावर काय करताव, ते तेवढं सांगा.”

“बीडला जाऊ.”

मुक्ताबाईनं फक्त ज्या पेटीवर बसली होती, तिच्यावर दोनदा थाप मारली.

गाव मात्र पेटलं होतं. आठवड्यात भिंत उभी राहिली. आखाड्यात ताजी तांबडी माती पडली, तिच्यात ताक, तेल, हळद कालवली. पाटील स्वतः बैलगाडी जुंपून परळीकडं गेले आणि वस्ताद घेऊन आले. आश्रुबा त्याचं नाव. दारातून आत यायला त्याला तिरकं व्हावं लागे, कान कुस्त्यांनी चुरगाळलेले, आणि आवाज इतका मऊ की एवढ्या देहात तो सापडतो कुठं, असं वाटावं. कुणाही पोराला तो आपल्याहून लहान समजत नसे. दहा वेळा डाव चुकला तर दहा वेळा स्वतः मातीत पडून दाखवी. पंधरा दिवसांत वरची आळी, खालची आळी, पेठेतलीसुद्धा पोरं त्याच्याकडं धावू लागली. मदरशात सकाळी येत ती अंगाला माती लागलेली, दमलेली, आणि पुढच्या ओळीतली चारही आता मागच्यांसारखीच पेंगत.

मास्तर मनातल्या मनात हसत होते. मुआइन्याचा दिवस त्यांना डोळ्यांपुढं दिसत होता. साहेब विचारणार तालीम कुठं आहे, पाटील लंगोटवाले उभे करणार, आणि नेकनूरची कीर्ती बीडच्या कचेरीपर्यंत जाणार. आठ वर्षांचा सूड एका दुपारी! आश्रुबा रस्त्यात भेटला की वाकून रामराम घाली. मास्तर हनुवटी जराशी हलवत.

संक्रांतीला ते बीडला गेले आणि तिथं त्यांचं हसू जिरलं. कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनाकडं त्यांनी सहज विषय काढला, की नेकनूरचा शोबा बंद झालाच तर आपली इथं सोय काय होईल. कारकुनानं पान लावता लावता मान हलवली.

“शोबा कमजोर म्हणून बंद झाला तर मास्तर कमजोर म्हणून घरी जातो. त्याला दुसरीकडं कोण घेईल? आणि एकदा बंद झालेला मराठी शोबा पुन्हा उघडलेला माझ्या पाहण्यात नाही, मास्तर. पोरं उर्दूत बसतात, नाही तर गुरं राखतात.”

येताना गाडीवान म्हणाला, हवा गार हाय. तर मास्तर त्याच्यावरही खेकसले नाहीत. आता गावाला खरं सांगावं, तर पाटील विचारणार, इतके महिने तोंडात काय होतं? आणि सांगितलं तरी उरलेल्या दिवसांत काय होणार? त्यांनी वर्गात मागच्या ओळीकडं तोंड करून शिकवायचा प्रयत्न केला. मागची ओळ घोरत होती. आवाज चढवला. म्हाळू दचकून उठला आणि झोपेतच त्यानं शेजारच्याचा पाय धरला.

होळीनंतर साहेब आला. नवाच होता, गोरा, स्थूल, स्वभावानं प्रसन्न. पोटही उत्तम होतं. चिंचेखाली सतरंजी पसरली होती, परात पुढं आली. साहेबाच्या डाव्या बाजूला मागल्या सालचा शेरा, उजव्या हातात कोंबडीची तंगडी. समोर पाटील, बाजूला मौलवीसाहेब, मागं गावकरी, आणि त्यांच्याही मागं मास्तर. 

“पिछले साल मराठी तालीम कमजोर थी,” साहेब घास चावत म्हणाला. “कुछ सुधरी?”

“सुधरी क्या साहेब!” पाटलांची दखनी उर्दू खणखणीत होती. “लोखंड कर डाले. दिवार नयी, मिट्टी नयी, उस्ताद नया.”

“फर्श भी नया? खूब! उस्ताद कहाँ का?”

“परळी तरफ का. लई नामी.”

“तालीम किस वक्त होती है?”

“मुर्गा बोलने के पहले.”

साहेबाची तंगडी तोंडापाशी थांबली. “मुर्गे से पहले! माशाअल्ला. और कितने लडके पढते हैं?”

पाटलांच्या कानाला पढणं आणि पडणं यात फरक नव्हता. नेकनूरात कुणाच्याच नव्हता. “सब पडते, साहेब! एक बी ऐसा नहीं जो रोज पडता नहीं. परसों तो पेठ का सबसे बडा लडका तीन बार पडा.”

“एक सबक तीन बार! और ये उस्ताद मारता तो नहीं?”

इथं पाटलांची दखनी अपुरी पडली. ते मौलवीसाहेबांच्या ऐकू येणाऱ्या कानाशी वाकून मराठीत म्हणाले, “सांगा साहेबाला, मारत न्हाई, पण पोराची पाठ लागल्याबिगर सोडत बी न्हाई.”

मौलवीसाहेबांनी त्यातला एकच शब्द नीट ऐकला. “हुजूर, फर्माते हैं, पाठ, यानी सबक, याद हुए बगैर छोडता नहीं.”

या सगळ्या मंडळीत दोन्ही बाजू कळणारा माणूस एकच होता, आणि दिवाळीपासून तो याच क्षणाची वाट पाहत होता. हसू यायला हवं होतं. आलं नाही. साहेबानं हात धुतले होते, आणि त्याच्या माणसानं दौत पुढं ठेवली होती.

“उस्ताद को बुलाओ.”

आश्रुबा आला. धुतलेलं धोतर, डोक्याला लाल फेटा. त्यानं वाकून मुजरा केला तसं साहेबाच्या अंगावरचं ऊन गेलं. साहेब त्याच्याकडं खालून वर पाहतच राहिला.

“ऐसा उस्ताद हो तो कौन नहीं पढेगा!”

“कौन बी पडेगा साहेब,” पाटील छाती काढून म्हणाले. “तुमी बी.”

साहेब खूश होऊन हसला. टाक दौतीत बुडवला. आणि तेवढ्यात त्याचं लक्ष मागं उभ्या असलेल्या मास्तरांकडं गेलं. स्वच्छ अंगरखा, कपाळाला गंध, हातात पुस्तक.

“ये कौन?” त्यानं मागल्या सालचा शेरा उचलून वाचला. “अच्छा. वो कमजोर उस्ताद यही है? नया आ गया, तो पुराने का क्या काम?”

“पुराना?” पाटील गोंधळले. “पुराना तो मर गया साहेब.”

कुणाला काही कळलं नाही. कळलं ते मास्तरांना. एक वाक्य बोललं की खेळ खलास होता. हुजूर, हा पहिलवान आहे, मदरशाचा मास्तर मीच. गाव फजीत, पाटील फजीत, आणि त्याच टाकानं शोबा बंद. न बोलावं, तर शोबा राहणार आणि आपण घरी. मग अक्षर न ओळखणाऱ्या माणसाच्या हाती तो शोबा पुढल्या मुआइन्यापर्यंतही तगणार नाही. त्यांनी चिंचेखालच्या माणसांकडं पाहिलं. मौलवीसाहेब डुलक्या घेत होते. म्हाळू साहेबाच्या ताटातल्या उरलेल्या कोंबडीकडं टक लावून होता.

मास्तर पुढं आले. जन्मात वाकले नव्हते इतके वाकले.

“हुजूर, मैं मददगार. उस्ताद के हाथ के नीचे.”

ज्या आवाजासाठी गडी कासरा धरून थांबायचे, तो फाटक्या ढोलासारखा निघाला.

“हां, मददगार तो चाहिए,” साहेब म्हणाला आणि लिहू लागला. “उस्ताद से कुछ सीखो. अभी उम्र है.”

“जी.”

तो शेरा वर्षानुवर्षं टिकला. औरंगाबादेहून मंजुरी आली, त्यात मराठी शोबा कायम, उस्ताद आश्रुबा, मददगार विठ्ठलराव. पुढं कुणी तो बदलला नाही, कारण बदलायचा तर वाचावा लागतो. कमजोर शोबा कसा मजबूत करावा याचा दाखला म्हणून म्हणे तो इतर तालुक्यांनाही पाठवला होता. तिथल्या लोकांनी त्यावरून काय मजबूत केलं असेल, देव जाणे. मास्तर मददगार म्हणूनच नोकरी संपवून निवृत्त झाले, नेकनूरातच राहिले आणि मरेपर्यंत गावाला दगडच म्हणत राहिले. फक्त शेऱ्याची ती दुपार वेगळी होती.

जेवण अंगावर येऊन साहेब खाटेवर आडवा झाला होता. वर्ग काय, आखाडा काय, त्यानं दोन्हींत पाऊल टाकलं नव्हतं. मास्तर मदरशाच्या ओट्यावर एकटेच बसले होते. आश्रुबा फेटा काढून हातात घेऊन आला आणि खाली जमिनीवर बसला.

“मास्तर, माझ्या हाताखाली असं कावून म्हणलाव? मला ते लागलं बघा.”

तेव्हा मास्तरांनी त्याला सगळं सांगितलं. हुकूम काय होता, गावानं काय ऐकलं, आपण का गप्प बसलो. गावात दुसऱ्या कुणाला त्यांनी ते सांगितलं नाही. आश्रुबा हसला नाही. तोंड मात्र उघडंच राहिलं.

“म्हंजी आता मी मराठीचा मास्तर?”

“कागदावर.”

“मला तर एक अक्षर येत न्हाई.”

“साहेबाला तरी कुठं येतं?”

“त्याचं सोडा. पुढल्या साली एखांद्यानं मला ‘वाच’ म्हणलं तर? शोबा जाईल, तुमी जाल. पाटलानं माझ्यासाठी भिंत बांधली, त्येची बी अब्रू जाईल.” त्यानं हात पुढं केला. “पाटी द्या.”

“आत्ता?”

“मंग कवा? साहेब घोरायलाय तवर दोन अक्षरं व्हत्याल.”

मास्तरांनी पाटी दिली, वर आपल्या सुरेख वळणात अ काढून दिला. आश्रुबानं पेन्सिल मुठीत धरली. ती मोडली. दुसरी दिली. त्यानं श्वास रोखला, घाम पुसला, आणि पाटीभर काहीतरी रेखाटून समोर धरलं. मास्तरांनी बराच वेळ पाहिलं.

“वस्ताद, हा अ नव्हे. हा चीत झालेला माणूस आहे.”

“मंग उठवा की त्याला, मास्तर,” आश्रुबा म्हणाला आणि पाटी पुन्हा पुढं सरकवली.